प्रकाशाहून बोलतोय

मतदारांचे निष्ठावंत, काठावरचे आणि मतदानाच्या दिवशी नेमके लग्नाला गेलेले असे वर्ग अभ्यासकांनी पाडले असले, तरी फोनवरच्या प्रचारकाचा वर्ग अजून कोणी गंभीरपणे विचारात घेतलेला नाही. आकाशवाणीच्या फोन-इन कार्यक्रमात, म्हणजे ज्यात श्रोता घरबसल्या फोन लावून थेट प्रसारणात बोलतो अशा कार्यक्रमात, किंवा वृत्तवाहिनीवरच्या चर्चेत शिरून, ज्याचे नाव सूत्रसंचालकाने, तज्ज्ञांनी आणि कित्येकदा त्याच्या सासुरवाडीनेही उच्चारलेले नसते अशा उमेदवाराची बाजू जो मिनिटभर लढवतो, तो या वर्गातला होय. रेडिओ सिलोनला आणि विविध भारतीला फर्माइशींची पत्रे पाठवून झुमरीतलैया हे गाव ज्यांनी देशभर पोहोचवले, त्यांचा हा वंशज. फरक एवढाच, की त्यांची गाणी निदान लागत तरी असत.

या वर्गाचा अस्सल नमुना शहादा तालुक्यातील प्रकाशा येथे आढळतो आणि गाव त्याला आप्पा म्हणून ओळखते. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे, केदारेश्वराचे आणि दक्षिण काशी म्हणून नावाजलेले हे गाव 1954-55 च्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापर्यंत, म्हणजे माणूस तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरीत होता त्या काळापर्यंत, मागे गेले. तथापि सूत्रसंचालकांच्या कानापर्यंत ते अद्याप पोहोचलेले नाही, ही आप्पांची खरी अडचण आहे. "हॅलो, प्रकाशाहून बोलतोय," असे त्यांनी म्हणताच पलीकडून "बोला, प्रकाशजी!" असे उत्साहाने उत्तर येते. "प्रकाश नाही, प्रकाशा. गावाचं नाव आहे ते," असे सांगून, तालुका, जिल्हा, संगम आणि दक्षिण काशी अशा पायऱ्यांनी आप्पा उमेदवाराच्या नावापाशी येतात, तोवर "मुद्दा लक्षात आला, प्रकाशजी, धन्यवाद," हे वाक्य पूर्ण झालेले असते.

आप्पांच्या उद्योगाला वैधानिक पार्श्वभूमीही आहे, आणि ती ते विचारल्याशिवाय सांगतात. निवडणुकीच्या काळात आकाशवाणी आणि दूरदर्शनवर प्रचारासाठी मोफत वेळ मिळतो तो मान्यताप्राप्त पक्षांना, म्हणजे ठरावीक मते किंवा जागा मिळवून निवडणूक आयोगाच्या यादीत बसलेल्या पक्षांना. अपक्षाच्या वाट्याला त्यातले एक सेकंदही येत नाही. आप्पांचा नंदुरबार हा अनुसूचित जमातींसाठी राखीव लोकसभा मतदारसंघ असल्याने येथे अनामत रक्कम, म्हणजे उमेदवारी गंभीर आहे याची हमी म्हणून भरावयाचे पैसे, 25,000 ऐवजी 12,500 रुपये असते, आणि वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची ती रक्कम जप्त होते. ज्या मतदारसंघाने माणिकराव गावितांना सलग नऊ वेळा दिल्लीला पाठवले, तेथे दुर्लक्षित उमेदवारांची परंपरा किती समृद्ध असेल याची कल्पना करता येते. आप्पांना तर दर निवडणुकीत निवडीला भरपूर वाव मिळाला.

फोन लागण्यापूर्वीची तयारी पाहण्यासारखी असते. वहीच्या पाठकोऱ्या पानावर मुद्दे लिहिलेले असतात आणि त्यांत बॅरेजचे पाणी, उपसा योजनांचे पंप, पपईचा भाव व शेवटी उमेदवाराचे नाव असा क्रम असतो. मिक्सर बंद, पंखा बंद, नातवाला अंगणात पिटाळलेले. "टीव्हीचा आवाज आधी बंद करा," ही सूचना आल्यावर तोही बंद होतो, कारण प्रसारण काही सेकंद मागे असल्यामुळे टीव्हीतला आवाज पुन्हा फोनमध्ये शिरून प्रतिध्वनी उमटतो. या तांत्रिक कारणामुळे आप्पांचे भाषण त्यांच्या स्वतःच्या घरात आजवर कोणीही वाहिनीवर ऐकलेले नाही. ते ऐकायला घरातल्या आक्का शेजारी जातात आणि परत येऊन बहुधा एवढेच सांगतात, की आवाज स्वच्छ आला, पण मधेच जाहिरात लागली.

मतदान संपण्यापूर्वीचे अठ्ठेचाळीस तास, ज्या काळात टीव्ही-रेडिओवरून निवडणुकीचा प्रचार करण्यास कायद्याने मनाई असते, आप्पांना उपासासारखे जातात. अशा एका निवडणुकीत, उमेदवाराचे चिन्ह शिट्टी असताना, त्यांनी शेतीविषयक कार्यक्रमाला फोन लावून विचारले, की पपईवर पाखरे बसतात, तर शेतकऱ्याने शिट्टी वाजवावी का, आणि वाजवावी तर किती जणांनी मिळून वाजवावी. तज्ज्ञ भला माणूस होता. पपईचे खरे दुखणे पाखरे नसून विषाणूजन्य रोग आहे, तो मावा किडीमुळे पसरतो आणि शिट्टीने त्याला काहीही होत नाही, असे त्याने तपशीलवार समजावले. अशा रीतीने नियमभंग न होता प्रचार झाला, परंतु तो विरोधी झाला.

2024 साली दिंडोरीत तुतारी चिन्हावरच्या एका अपक्षाला, मोठ्या पक्षाच्या 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हाशी झालेल्या घोळाचा लाभ मिळून, लाखावर मते पडली, ही बातमी आप्पांना फार लागली. चाळीस सेकंदांसाठी तासतास फोन लावणाऱ्या माणसाच्या कष्टांची याहून मोठी थट्टा ती कोणती!

मतमोजणीच्या दिवशी पडद्यावर त्यांचा उमेदवार 'इतर' नावाच्या चौकटीत असतो, आणि त्या चौकटीतली नावे वाचून दाखवावीत या मागणीसाठी आप्पा पुन्हा फोन लावतात. अनामत गमावलेला उमेदवार त्यानंतर आठवडाभराने प्रकाशाच्या बसथांब्यावर भेटला, तेव्हा मात्र त्याने आपण फोन ऐकल्याचे आपणहून सांगितले. "पार मोजणीच्या दिवसापर्यंत लढला हो गडी! आप्पा, तुमच्या ओळखीत असेल तर बघा ना, कोण हा प्रकाश? पुढच्या वेळी त्यालाच प्रचारप्रमुख करू."