हरकत नाना

आमचे सासरे नाना पस्तीस वर्षं लेखापरीक्षणात होते. ग्रामपंचायतीच्या घमेल्यापासून जिल्हा परिषदेच्या जीपपर्यंत, ज्याची पावती नाही ते त्यांच्या लेखी जन्मालाच आलेलं नाही. ‘हरकत नाही’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत, म्हणून सासरवाडीत त्यांचं नाव ‘हरकत नाना’.

कॅलिफोर्नियात ते आमच्याकडे राहायला आले, त्याच्या चौथ्या महिन्यात आम्ही त्यांना हवाई बेटावर नेलं. तिथला केआलाकेकुआ उपसागर त्यांना दाखवायचा होता. या नावाचा अर्थ देवाची वाट. वरच्या गावाचं नाव मात्र ‘कॅप्टन कुक’, इथंच मारल्या गेलेल्या दर्यावर्दीचं.

“याला मारलं कुणी?”

“इथल्याच लोकांनी, नाना.”

“आणि गावाला नाव त्याचंच! हरकत क्रमांक एक.”

वाट तीन किलोमीटरची आणि उतार १३०० फुटांचा. दोन्ही बाजूंना उंच गवत, पुढे काळा लाव्हा, सावली नावाला नाही. नाना दर वळणावर थांबून पाण्याच्या बाटल्या मोजत होते. खाली पोचलो तेव्हा पाणी इतकं नितळ होतं, की काठावरूनच पिवळे मासे दिसावेत. नानांनी माशांकडे पाहिलंसुद्धा नाही. ते थेट कुकच्या पांढऱ्या स्तंभाकडे गेले. बोटाच्या पेरानं तो ठोकून पाहिला, जवळचा चष्मा लावून त्यावरचा मजकूर वाचला.

“१८७४. म्हणजे माणूस गेल्यावर ९५ वर्षांनी. विलंबाचं कारण नमूद नाही.”

मग चौथऱ्यावर बसून त्यांनी कुकचं दप्तरच उघडलं.

“१७ जानेवारी १७७९ ला आला. इथं लोनो देवाचा सण चालू. मानपान झाला, डुकरं झाली, रताळी झाली. ४ फेब्रुवारीला निघाला. फाइल तिथंच बंद व्हायला हवी होती. ११ ला परत का आला?”

“वादळात रेझोल्यूशन जहाजाची डोलकाठी मोडली.”

“कारण मान्य. पण सण संपलेला, यजमानांनी दोन जहाजांची पोटं भरलेली. जावईबापू, आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.”

मी बायकोकडे पाहिलं. बायको समुद्राकडे पाहत होती.

“पुढे डिस्कव्हरी या दुसऱ्या जहाजाची होडी चोरीला गेली. हरकत रास्त. पण वसुलीची पद्धत बघा! होडीसाठी हा थेट राजा कालानीओपूऊला ओलीस धरायला निघाला. शिपायानं घमेलं नेलं म्हणून आम्ही कधी सरपंचाला पळवलं नाही. १४ फेब्रुवारीला या काठावर स्वतः गेला, चार नौसैनिक गेले, इथली माणसं गेली ती वेगळीच. वसुली शून्य.”

समोर उंच कडा होता. त्यातल्या गुहांमध्ये पूर्वी सरदारांच्या अस्थी लपवून ठेवत. मी सांगितलं, की कुकच्या देहावरही इथल्या लोकांनी सरदाराचेच संस्कार केले होते. पुढे काही अस्थी त्याच्या माणसांना परत दिल्या आणि त्यांनी त्या याच पाण्यात सोडल्या.

नानांनी चष्मा काढला, बाजूला ठेवला आणि उपरण्यानं तोंड पुसलं. बराच वेळ बोलले नाहीत.

“मारलं तरी मान ठेवला,” शेवटी म्हणाले. “यावर शेरा नाही.”

परतीचा चढ चढायला तीन तास लागले. गाडीपाशी पोचल्यावर नानांनी खिसा चाचपला, मग दुसरा, मग पिशवी.

“जवळचा चष्मा खाली राहिला. १८५० रुपयांचा. पावती आहे.”

माझ्या गुडघ्यांनी मला खाली बसवलं होतं, तरी जावयाचा धर्म म्हणून उठलो. “मी आणतो, नाना.”

नानांनी खालच्या निळ्या पाण्याकडे पाहिलं.

“नको. निरोप घेतलेल्या ठिकाणी परत जायचं नाही. निर्लेखित करा.” आणि गाडीचं दार उघडत म्हणाले, “हरकत नाही.”