चूक त्यांची, हजार रुपये पोराचे

एमएचटी-सीईटीच्या एका उत्तरावर आक्षेप घ्यायचा तर हजार रुपये मोजा. 2024 ला हाच दर, 2025 लाही हाच. खुल्या गटातल्या पोराला एका ग्रुपच्या अख्ख्या परीक्षेची फी हजारच पडते. गणिताच्या ग्रुपचे दीडशे प्रश्न सोडवायचे हजार, आणि त्यातला एक चुकलाय हे दाखवून द्यायचेही हजार!

धामणगाव रेल्वेच्या बाजार समितीत सोयाबीन चार हजारांनी गेलं, तर हजार म्हणजे पंचवीस किलो. उत्तरसूची येते, पोरगं पुस्तकाचं पान काढून ताडून पाहतं, तीन उत्तरं चूक दिसतात. गणिताचा एकेक प्रश्न दोन मार्कांचा. मुदत मोजक्या दिवसांची. बापाकडे तीन हजार मागायचे, की दोन प्रश्न सोडून द्यायचे? सोडून देणारं पोरगं भित्रं नसतं, त्याला घरचा हिशेब ठाऊक असतो.

आणि चुका होतात. 27 एप्रिल 2025 च्या गणिताच्या पेपरात पन्नासपैकी 21 प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले. ओरड झाली म्हणून 5 मे रोजी 27 हजारांवर मुलांची फेरपरीक्षा घ्यावी लागली. त्या 21 प्रश्नांवर रीतसर आक्षेप घ्यायचे म्हटले असते, तर एकेका पोराला 21 हजार लागले असते.

कोर्टात जा म्हणणं सोपं आहे. कानपूर विद्यापीठाच्या खटल्यात 1983 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की उत्तरसूची बरोबर आहे असंच धरून चालायचं. चूक निःसंशय दिसली तरच हात घालायचा. रणविजय सिंह खटल्यात तर शंकेचा फायदाही परीक्षा घेणाऱ्याला दिला. म्हणजे सामान्य पोरासाठी खरं दार एकच, आक्षेपाचं. नेमकं तिथेच तिकीट लावलंय.

तरी काहींनी कोर्ट गाठलं, म्हणून उजेड पडला. नीट 2024 च्या भौतिकशास्त्रातल्या अणूच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर धरली होती. आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी एका दिवसात सांगितलं, बरोबर उत्तर एकच. चार लाखांवर मुलांचे पाच-पाच मार्क गेले, पहिल्या क्रमांकावरचे 61 जण 17 वर आले. क्लॅट 2025 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयातल्या, आपल्या अमरावतीच्या भूषण गवईंच्या खंडपीठाने प्रश्न काढणाऱ्यांच्या निष्काळजीपणावर कडक शब्दांत बोट ठेवलं. क्लॅटचीही आक्षेपाची फी हजारच, आणि दिल्ली उच्च न्यायालयालाही ती जास्त वाटली.

फी नसेल तर क्लासवाले आक्षेपांचा पाऊस पाडतील, हे खरं आहे. मग अनामत घ्या ना! ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला पुरेशी मतं पडली की अनामत परत मिळते. इथे एका पोराने पैसे भरून उत्तर दुरुस्त करून घेतलं, की ते सगळ्यांसाठी दुरुस्त होतं. त्याने परीक्षा घेणाऱ्यांचंच काम केलेलं असतं. त्याचे पैसे ठेवून घ्यायचा हक्क कोणाला?

पुढच्या सीईटीच्या माहितीपुस्तिकेत दोन ओळी हव्यात. एका प्रश्नाला शंभर रुपये अनामत. आक्षेप मान्य झाला, तर ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात आठ दिवसांत परत.