आवक-जावक

आमच्या पंचायत समितीतून गेल्या मार्चअखेरीला जिल्हा परिषदेकडे एक पत्र गेलं. त्याच्या शेवटी ‘प्रत माहितीस्तव सविनय सादर’ असायला हवं होतं, तिथे ‘प्रेत माहितीस्तव सविनय सादर’ असं गेलं. टाइप मी केलं होतं, त्यामुळे चुकीचं नवल नव्हतं. नवल याचं, की कार्यालयीन प्रतीवर भाऊसाहेबांची सही होती.

भाऊसाहेब आस्थापना शाखेचे वरिष्ठ सहायक. तालुक्यातल्या निम्म्या कारकुनांना लोक भाऊसाहेबच म्हणतात, पण आमच्या इमारतीत ‘भाऊसाहेब चिडलेत’ म्हटल्यावर कुठले, असं कुणी विचारत नाही. सेवा एकतीस वर्षं. एकदा त्यांच्याच विरुद्ध एक तक्रारअर्ज आला होता. त्यातला ‘भ्रष्ठाचार’ त्यांनी लाल शाईनं ‘भ्रष्टाचार’ केला आणि मगच तो वर पाठवला. मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ त्यांनी सात वेळा परत केलं, तेव्हा छापखानेवाल्यानं लग्नच पुढे ढकलता का, असं विचारलं होतं. असा माणूस ‘प्रेत’ पाहतो आणि खाली सही करतो, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

मग आम्हाला मागचं आठवायला लागलं. चारच्या चहाला ते येईनासे झाले होते. वेतनवाढीवर वाद घालत नव्हते. सव्वासहाला सगळे उठले तरी ते बसलेले असायचे, काम करत नव्हे, नुसतेच. शिपाईमामा पंखा बंद करून जायचे तरी त्यांना कळायचं नाही. २०२०च्या फेब्रुवारीअखेर सरकारनं पाच दिवसांचा आठवडा केला खरा, पण ते आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला अजून कुणी कळवलेलं नाही. रविवारी रात्री साडेदहाला ‘तात्काळ, आजच्या आज’ असा निरोप येतो. त्या वेळी ‘आज’ दीड तासाचा उरलेला असतो.

डॉक्टरांनी बीपी पाहिलं, साखर पाहिली, दोन्ही नियमानुसार निघाली. शेवटी पुण्यात मानसशास्त्र शिकणाऱ्या पुतणीनं फोनवर निदान केलं. ‘काका, हा बर्नआउट आहे.’ न्यूयॉर्कच्या फ्रॉयडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७४ साली यावर लिहिलं, आणि तेही स्वतः एका मोफत दवाखान्यात राबून राबून पार पिचल्यावर, असं तिनं सांगितलं. २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही याची दखल घेतली, पण आजार म्हणून नाही. कामाशी निगडित अवस्था म्हणून.

‘आजार नाही?’ भाऊसाहेब म्हणाले. ‘म्हणजे वैद्यकीय रजा मिळणार नाही.’

उपाय मात्र बिनखर्चाचा होता. पेनेबेकर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९८६ साली विद्यार्थ्यांना ओळीनं चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातला सल कागदावर उतरवायला लावला होता. लिहून झाल्यावर पोरांना आधी वाईटच वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पुतणीनं बजावलं, ‘शुद्धलेखन पाहायचं नाही, खाडाखोड चालेल, कुणाला दाखवायचं नाही.’ यातल्या पहिल्या दोन अटी ऐकूनच भाऊसाहेबांचं बीपी वाढलं असावं.

कार्यालयाची वही घेतली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. स्वतःच्या पैशांनी लाँगबुक आणलं. पानांवर हातानं आकडे घातले आणि पहिल्या पानावर लिहिलं, ‘प्रमाणित करण्यात येते की, या नोंदवहीत १ ते १९२ पृष्ठे आहेत.’ खाली सही, दिनांक. मग ते थांबले. भावना लिहायच्या, पण कोणत्या नमुन्यात?

इथे मराठी भाषा त्यांच्या मदतीला आली. आपल्याकडे राग येतो, रडू येतं, कंटाळा येतो, कीव येते. माणूस काही करत नाही. तो आपल्या खुर्चीत बसलेला असतो आणि हे सगळं बाहेरून त्याच्याकडे येतं. जे बाहेरून येतं ते आवक. भाऊसाहेबांनी पट्टी घेतली आणि रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून आली, विषय, कोणाकडे पाठविली, शेरा.

कुणाला दाखवायचं नाही ही अट त्यांनी मोडली, कारण ज्या नोंदवहीची कधी तपासणीच होत नाही तिला ते नोंदवही मानत नाहीत. तपासणी अधिकारी म्हणून शेजारच्या टेबलावरचा मी. पहिली नोंद मला अजून पाठ आहे. भावना: राग. कोणाकडून: मा. गटविकास अधिकारी. विषय: व्हीसीमध्ये सर्वांसमक्ष ‘तुम्हाला एवढंही कळत नाही का’ असे विचारलेबाबत. कोणाकडे पाठविली: सौ. शेरा: आमटीत मीठ कमी असल्याचे कारण दर्शवून निर्गमित.

दुसरी: अपमान. घरकुलाची माहिती तिसऱ्यांदा त्याच नमुन्यात मागविलेबाबत. सौ.कडे वर्ग. तिसरी: भीती. रात्री मोबाइल वाजलेबाबत. चिरंजीवांकडे, ‘अभ्यास कर’ या स्वरूपात पृष्ठांकित. चौथ्या नोंदीत फक्त ‘उबग’ एवढंच होतं. विषयाच्या रकान्यात त्यांनी आधी काहीतरी लिहून ते इतकं खोडलं होतं, की कागद फाटला होता. भाऊसाहेबांच्या वहीत खाडाखोड मी पहिल्यांदाच पाहत होतो.

चार दिवस संपले. पुतणीचं म्हणणं चार दिवसच लिहा, पण सोमवारी गोषवारा काढायची सवय सुटेना. तेव्हा आकडे समोर आले. एकूण आवक तेवीस, त्यातली एकवीस कार्यालयातली. जावक एकोणीस, सगळी घरी. वहिनींच्या नावावर चौदा. वहिनींकडून आलेली आवक एकच. ‘चहा, न मागता.’ त्यापुढचा शेऱ्याचा रकाना कोरा होता. भाऊसाहेबांच्या टेबलावरून कोरा शेरा सुटलेला मी नोकरीत पाहिला नव्हता.

‘हे बरोबर नाही हो,’ ते म्हणाले. ‘टपाल चुकीच्या पत्त्यावर जातंय.’

मी म्हटलं, साहेबांनाच परत पाठवा की. त्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, साहेबांचंही मूळ टपाल जिल्ह्याहून येतं, आणि जिल्ह्याचं मुंबईहून. मधले सगळे फक्त पृष्ठांकन करतात.

अभिलेखांचं वर्गीकरणही त्यांनी करून पाहिलं. अ वर्ग कायम ठेवायचा, ब तीस वर्षं, ड वर्षभरात नष्ट. आई गेली तो दिवस अ. त्यात आम्हा दोघांचंही दुमत नव्हतं. पण १९९८ साली एका उपअभियंत्यानं त्यांना ‘अहो कारकून’ अशी हाक मारली होती, ते प्रकरण त्यांनी ब वर्गात टाकलं. मी म्हटलं, भाऊसाहेब, हे ड आहे. ते म्हणाले, ‘मुदत संपायला अजून थोडी वर्षं आहेत. तोवर राहू दे.’

पुतणीला त्यांनी वहीचे फोटो पाठवले. तिनं आधी हसणाऱ्या बाहुल्या पाठवल्या, मग फोन केला. पेनेबेकरच्या प्रयोगात नुसत्या घटना लिहिणाऱ्यांना फारसा गुण आला नव्हता, घटनेबरोबर आपल्याला काय वाटलं तेही लिहिणाऱ्यांना आला, असं तिनं समजावलं. मग तिनं विचारलं, ‘काका, या सगळ्यात तुम्ही कुठे आहात?’

‘मी? मी नोंद घेणारा.’

‘मग एक वाक्य “मी”पासून सुरू होणारं लिहा.’

तुम्हाला हे सोपं वाटत असेल. एकतीस वर्षं माणसानं ‘करण्यात यावे’, ‘कळविण्यात येते’, ‘सदर कर्मचाऱ्यास’ असं लिहिलं, की ‘मी’ हा शब्द पेनातून उतरायला कुठल्या तरी सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, ‘अधोस्वाक्षरीकर्त्यास थकवा आल्याचे निदर्शनास आले आहे.’ दुसऱ्या दिवशी, ‘मी, अधोस्वाक्षरीकर्ता,’ आणि पुढे काही नाही. तिसऱ्या दिवशी वही बंदच राहिली.

चौथ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज दिला. रजेचं कारण या रकान्यात ते कायम ‘खाजगी’ लिहीत आले होते. मुलीचं लग्न खाजगी, आईचं दिवसकार्य खाजगी, मूळव्याध तर खाजगीच. या खेपेला तिथे लिहिलं होतं, ‘मी थकलो आहे.’ शुद्धलेखन निर्दोष.

साहेबांनी शेरा मारला, ‘चर्चा करावी.’ चर्चा करावी म्हणजे प्रकरण गेलं, हे आम्ही धरून चाललो. पण भाऊसाहेब आत गेले ते चाळीस मिनिटं बाहेर आले नाहीत. शिपाईमामा आधी दोन चहा घेऊन गेले, मग पाणी घेऊन गेले, आणि बाहेर आल्यावर कधी नव्हे ते कुणालाच काही सांगेनात. अर्जित रजा पंधरा दिवसांची मंजूर झाली.

त्या पंधरा दिवसांत त्यांनी काय केलं, याचा अहवाल उपलब्ध नाही. वहिनी बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘झोपतात. उठले की आमटी छान झालीय म्हणतात. मला बाई भीतीच वाटायला लागलीय.’

सोमवारी पावणेदहाला भाऊसाहेब खुर्चीत हजर होते. चारला चहाला आले, भज्यांना नावं ठेवली. साडेचारला मी एक पत्र त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं आणि ओरडले. पार लेखा शाखेपर्यंत ऐकू गेलं.

‘पुन्हा प्रेत! अहो, एक मात्रा! एका मात्रेसाठी माणसं मारता तुम्ही!’

दोन मिनिटं बोलले असतील. बोलून झाल्यावर त्यांनी लाल पेन खाली ठेवलं, खणातून लाँगबुक काढलं आणि घड्याळ बघून नोंद केली. राग. कोणाकडून: टेबल क्रमांक तीन. कोणाकडे पाठविली: टेबल क्रमांक तीन. मग वही माझ्याकडे वळवून शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं.

‘पोच द्या.’

मी सही केली. त्यांनी ती निरखून पाहिली आणि वही पुन्हा माझ्यापुढे ढकलली. ‘दिनांक राहिला.’