निकषरावांस अनावृत पत्र

श्रीमान निकषराव,
मुक्काम पोस्ट शासन निर्णय, पान दुसरे.



बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याहून लिहितोय. आमच्या तालुक्यातली गावं रोडावत चालली आहेत, हे तुमच्या नजरेतून सुटलं नाही, याबद्दल आधी आभार. तरणी पोरं पुण्या-सुरतेला गेली. ज्याला परवडतं त्यानं लेकरं मलकापूर-बुलढाण्याच्या शाळेत घातली. मागं उरले म्हातारे, आणि ज्यांना कुठं जाता येत नाही ते. एवढ्याशा माणसांना शाळा, दवाखाना, येष्टी म्हणजे उधळपट्टीच की!

तुमचा हिशेब चोख. 2017 मध्ये दहाच्या आत पट असलेल्या राज्यातल्या 1,314 शाळा बंद करायचं ठरलं. 21 सप्टेंबर 2023 च्या पत्रानं वीसच्या आतल्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्यासाठी प्रस्ताव मागवले. आणि 15 मार्च 2024 च्या निर्णयात, सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर शिक्षक किती? शून्य. शाळा बंद केली असं कुणी म्हणायला नको. इमारत, घंटा आणि खिचडीचं पातेलं जागच्या जागी. मग बाप उरलेली लेकरंही दुसरीकडं नेतो, आणि पुढच्या वर्षी तुम्ही म्हणता, पाहा, पट घसरला! मारेकऱ्यानंच पंचनामा लिहावा, तसं हे.

खरी करामत पुढंच आहे. काढून घेताना तुम्ही चालू वर्षाच्या 30 सप्टेंबरचा पट धरता, तोही आधार जुळलेल्या पोरांचाच. द्यायची वेळ आली की मात्र 2011 ची जनगणना! सपाट भागात 30,000 लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, 5,000 मागं एक उपकेंद्र, आणि हे लोक 2011 च्या यादीतले. त्या साली जन्मलेल्या पोराला आता मिसरूड फुटलं.

माणसं घटली की सोयी घटवायच्या, हा नियम मुंबईत कुठं जातो हो? 2001 ते 2011 मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाखांवरून 31 लाखांच्या खाली आली. तिथं एखादं स्टेशन बंद केलंत? उलट जमिनीखालून थेट कफ परेडपर्यंत मेट्रो नेलीत. न्या बापडे, आमचं पोट दुखत नाही. पण अडलेल्या बाईला बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचं तर आम्हाला राजूर घाट चढावा लागतो, आणि गावातली माणसं कमी झाली म्हणून घाट काही आखूड होत नाही.

तेव्हा मागणी एवढीच. देताना आणि काढताना एकच साल धरा. आणि डोक्यांच्या रकान्याशेजारी अंतराचा रकाना घाला. तो तुम्हाला नवा नाही. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असं शिक्षण हक्काच्या नियमांत लिहिलेलंच आहे. अर्ज तालुक्याला द्यायचा की जिल्ह्याला, तेवढं कळवा.

आपला,
2011 च्या यादीतला एक मोताळेकर