पेडणे-डिचोलीत इनडायरेक्ट स्पीच न रुजल्याची मीमांसा

कोट काढावेत, ‘दॅट’ घालावा, ‘आय’चा ‘ही’ करावा, काळाला एक पायरी मागे ढकलावे आणि ‘टुमारो’चा ‘द नेक्स्ट डे’ करावा. डायरेक्टचे इनडायरेक्ट करण्याचा हा विधी सर्वांना पाठ आहे. तरीही गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत तो शाळेच्या फाटकाबाहेर पडला नाही. विद्वानांनी हा प्रश्न अनाथ सोडल्यामुळे आम्ही तो पदरी घेत आहोत.

प्रथम इतिहास. भारतात वस्तीला आलेला पहिला ज्ञात इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यातच उतरला. पण आपले व्याकरण आम्हांला शिकवायचे सोडून त्याने कोंकणीचे व्याकरण लिहिले (ते १६४० साली रायतूरला छापले गेले), वर मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. संधी हुकली. पोर्तुगीज या दोन महालांत १७८०च्या दशकात पोचले. काळ मागे ढकलण्याची खोड त्यांच्याही भाषेला आहे; पण पावणेदोनशे वर्षे राज्य करूनही ती त्यांना इथे लावता आली नाही. १९६१नंतर गावोगावी मराठी शाळा निघाल्या, आणि तिथून हायस्कुलात गेलेल्या पोरांपुढे रेन आणि मार्टिन हे इंग्रजी व्याकरणकार उभे ठाकले. यांतले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि ‘बो जेस्ट’ ही कादंबरी त्यांचीच. आपण फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये होतो, असे ते सांगत म्हणे. पक्का पुरावा मात्र सापडत नाही. आचार्यांचे चरित्रसुद्धा इनडायरेक्टच.

आता सर्वनामाचा पेच. देवळात अवसार येतो तेव्हा अंगात आलेला माणूस ‘मी’ म्हणतो. हा ‘मी’ म्हणजे काल खाणीवर ट्रक चालवणारा शेजारी नव्हे, देव. ‘ही सेड दॅट ही वॉज अँग्री’ असे लिहिले, तर दोन ‘ही’ एकाच धोतरात उभे राहतात. कौलात अडचण उलटी. तिथे देव बोलतच नाही. पाकळी उजवीकडे पडली की देवाचा होकार काय तो भट सांगतो. मूळ वाक्यच नाही आणि इनडायरेक्ट तयार! यावर नियम कोणता लावावा, ते परीक्षकांनी कळवावे.

परंतु खरे रणक्षेत्र पोसरो, म्हणजे गावचे किराणा दुकान. पोर पिशवी घेऊन येते आणि सांगते, ‘आवयन सांगलां, साखर दी, पैशे फाल्यां दितां म्हण.’ ‘दितां’ प्रथमपुरुषी असल्याने कायद्याने देणेकरी कोण, आई की पोर, हा एक उपप्रश्न. तो आम्ही सोडून देतो. मुख्य गोम ‘फाल्यां’त, म्हणजे ‘उद्या’त आहे. रेनसाहेबांच्या रीतीने त्याचा ‘दुसरा दिवस’ केला की उधारीला तारीख लागते. मंगळवारी दिलेला शब्द बुधवारी थकतो. वाक्य जसेच्या तसे ठेवले तर पोसरकार शनिवारी तगाद्याला आला तरी मुदत रविवारी. घरखर्चाचा एवढा मोठा आधार पाच मार्कांसाठी कोण मोडील?

पोसरकारही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. त्यानेही कोट काढले नाहीत, काळ ढकलला नाही. गल्ल्याच्या वर पाटी तेवढी लावली: ‘आज रोख, उद्या उधार’.