विटक्या पट्ट्यांचे वर्णशास्त्र

मोटारीच्या आसनपट्ट्याचा, म्हणजे बोलण्यात ज्याला सगळेच ‘सीट बेल्ट’ म्हणतात त्याचा, रंग का उडतो हा प्रश्न रसायनशास्त्राचा असला, तरी तो परत आणावासा का वाटतो हा प्रश्न निव्वळ मालकाच्या मिजाशीचा आहे, आणि या दुसऱ्या प्रश्नाची अभ्यासकांनी म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. गाडीला पंधरा वर्षे भरून नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी नव्याने करण्याची वेळ आली, की स्वतःची कानशिले नियमाने काळी करणाऱ्या मालकाला दाराआडचा करडा पट्टा एकाएकी खुपू लागतो. प्रस्तुत लेखक याच वर्गात मोडतो, ही गोष्ट तटस्थतेला बाधक असली तरी निरीक्षणाला फारच सोयीची ठरली आहे.

धारवाड-हुबळी रस्त्यावरच्या रायापुरात राहून हुबळीत नोकरी करणाऱ्याच्या गाडीत सहसा डावा पट्टा आधी विटतो. हा जुना रस्ता येथे वायव्येकडून आग्नेयेकडे जातो, त्यामुळे सकाळी हुबळीकडे निघताना पूर्वेचा सूर्य डाव्या अंगाला असतो आणि संध्याकाळी परतताना पश्चिमेचाही डाव्याच अंगाला. समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो व तो अतिनील किरण बहुतांशी अडवतो. बाजूच्या साध्या कडक काचेत ती सोय नसते, आणि तिच्यावर काळी फिल्म चिकटवण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंद केला. चालकाचा पट्टा निदान त्याच्या छातीवर असतो. शेजारचे आसन रिकामे असले की तिथला पट्टा मात्र खांबाला लटकून दोन्ही वेळचे ऊन खातो. म्हणजे जो वापरला जात नाही तोच अधिक म्हातारा दिसतो; आणि हा करडा पट्टा पूर्ण ओढून पाहिला तर रीळमध्ये, म्हणजे पट्टा आपोआप गुंडाळून घेणाऱ्या व झटका बसताच अडकवून धरणाऱ्या यंत्रात, दडलेला भाग काळाकुळकुळीत निघतो. पोलीस दिसल्यावरच पट्टा खांद्यावर आडवा धरणाऱ्यांच्या गाडीत हा विरोधाभास विशेष ठसठशीत असतो.

रंग उडणे आणि ताकद जाणे या दोन गोष्टी एकच नाहीत, परंतु त्या परस्परांना अगदीच अनोळखीही नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या सोळाव्या वाहन-नियमात पट्ट्याच्या नमुन्यावर प्रखर प्रकाश टाकण्याची एक चाचणी आहे. तो किती वेळ टाकायचा हे घड्याळ ठरवत नाही, तर शेजारी ठेवलेली प्रमाणित निळी चिंधी ठरावीक छटेपर्यंत विटली की चाचणी थांबते. त्यानंतरही पट्ट्याने मूळ ताकदीच्या ७५ टक्के आणि किमान १४.७ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीड टन, ताण सोसला पाहिजे. पट्टा किती काळा उरला, याचे गुण त्यात नाहीत.

तरीही मालकाला रंगच हवा असतो, आणि इथे पॉलिएस्टर आडवे येते. हा धागा पाण्यात न विरघळणारे खास रंग पोटात घेतो, पण त्यासाठी दाबाखाली सुमारे १३० अंश तापमान लागते. घरच्या बादलीत ते होत नाही. रंगाच्या पक्केपणाविषयी हुबळीने कुणाकडून शिकावे अशी स्थिती नाही, कारण १९५७ साली स्थापन झालेला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ याच शहरात, बेंगेरीत, राष्ट्रध्वज तयार करतो. ध्वजाचे कापड बागलकोट भागातून विणून येते, आणि रंगछटा, धाग्यांची वीण, कापडाची लांबीरुंदी यांपैकी काहीही भारतीय मानकाबाहेर गेले तर ध्वज नापास होतो. चरख्यावरच्या सुताला रंग अंगी लागतो, कारण कापूस पाण्याशी वैर धरत नाही. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत पॉलिएस्टर आणि यंत्रावरचे उत्पादन चालू लागले, तेव्हा बेंगेरीत नाराजी उमटली, आणि ती केवळ पोटापाण्याची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. हा विषय आसनपट्ट्यापासून बराच दूर गेला आहे, हे मान्य. पण ज्या गावात केशरी रंगाच्या एका छटेसाठी अख्खा ध्वज नाकारला जातो, तिथल्या माणसाने बुटाचे काळे पॉलिश घेऊन गाडीत शिरावे, ही विसंगती नोंदवल्यावाचून पुढे जाता येत नाही.

कारण पॉलिश, केसांचा कलप, काळा स्प्रे हे सर्व उपाय सुचवणारे लोक असतात. स्प्रेने पट्टा ताठरतो आणि रीळमध्ये अडखळतो; पॉलिश पहिल्याच घामाला पांढऱ्या सदऱ्यावर तिरपे उतरते आणि चालक जानवे काळे घालतो की काय अशी शंका उत्पन्न करते. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत ब्लीच आणि रंग दोन्ही वर्ज्य सांगितलेले असतात, पण ती पुस्तिका डिक्कीतल्या खणात कोरी असते. खरा विधी नीरस आहे: पट्टा पूर्ण ओढून चिमट्याने अडकवावा, कोमट पाणी व सौम्य साबणाने विणीच्या दिशेने पुसावा, सावलीत पूर्ण वाळल्यावरच आत सोडावा. कडा उसवलेल्या असतील, चीर असेल किंवा पट्टा मोठ्या अपघातातून गेला असेल, तर तो बदलावा. निम्मा करडेपणा मळच असतो, हे धुतल्यावर कळते. उरलेला निम्मा तसाच राहतो.

एका प्रकारचा पट्टा मात्र विटला तरी कुणाच्या नजरेस येत नाही, तो म्हणजे मागचा. नवे सीट कव्हर चढवताना कुशनवाला मागची बकले, म्हणजे पट्ट्याची जीभ जिथे अडकते त्या खाचा, कव्हराखाली दाबून टाकतो, कारण त्यामुळे शिवण सरळ दिसते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर काही आठवडे देशभर मागचे पट्टे चाचपले गेले, आणि २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पट्टा न लावल्यास वाजणाऱ्या गजराचा आवाज बंद करणाऱ्या खोट्या जिभा विकू नयेत असे पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना बजावले. पैसे मोजून इशारा गप्प करणाऱ्या ग्राहकाचा इथे राग येतो, आणि तो विनोदात विरघळत नाही. मागे बसणारे बहुधा घरातले तेच असतात ज्यांना पुढे बसण्याचा आग्रह कुणी केलेला नसतो: आई, मावशी, झोपलेले मूल.

प्रस्तुत लेखकाच्या गाडीतली ती बकले शोधण्यासाठी कव्हरला दोन ठिकाणी चिरा द्याव्या लागतील, असे कुशनवाल्याने सांगितले आहे. आईंनी त्याला तत्काळ संमती दिली. मालकाचे म्हणणे एवढेच आहे, की चिरांच्या कडा कव्हरच्याच रंगाच्या दोऱ्याने शिवल्या जाव्यात.