मुरगळलेल्या घोट्याचे संगोपन

अस्थिबंध, म्हणजे व्यवहारात ज्याला लिगामेंट म्हणतात तो हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट तंतुमय पट्टा, तुटेपर्यंत घरात त्याचे नाव कोणी घेत नाही आणि तुटल्यानंतर सहा महिने घरात दुसरे नाव निघत नाही. एका पावलात 26 हाडे, तीसहून अधिक सांधे आणि या सर्वांना एकत्र नांदायला लावणारे शंभराहून अधिक स्नायू, कंडरा व अस्थिबंध असतात (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी). इतक्या मंडळींच्या एकत्र कुटुंबात कधीतरी कोणीतरी दुखावले जाणे अपरिहार्य आहे. प्रस्तुत विवेचनाचा विषय मात्र ती दुखापत नसून तिच्यानंतरचा काळ हा आहे, कारण पाय मुरगळण्याची क्रिया क्षणार्धात आणि कोणत्याही मार्गदर्शनाशिवाय उत्तम पार पडते, तर तो बरा होण्याची क्रिया महिनोन्महिने चालते आणि तिच्यात मार्गदर्शकांचीच दाटी असते.

घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्यापासून तीन अस्थिबंध निघतात. पाऊल आत वळून त्यावर अंगाचा भार पडला की त्यांतला पुढचा, ज्याला वैद्यकाने अँटीरियर टॅलोफायब्युलर असे त्याच्या आकारमानाला न पेलणारे नाव दिले आहे, तो बहुधा प्रथम बळी पडतो. घोट्याच्या खोबणीत बसणारे टॅलस नावाचे हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असल्यामुळे चवडा वर उचललेला असताना ते खोबणीत घट्ट बसते आणि चवडा खाली झुकला की सैल पडते; म्हणूनच सिंहगड चढणाऱ्याला नुसता दम लागतो आणि पाय मुरगळतो तो पिठले-भाकरी खाऊन उतरणाऱ्याचा, यात पिठल्याचा काही दोष नसतो. जिन्याच्या शेवटून दुसऱ्या पायरीवर, जमीन आली असे समजून टाकलेल्या पावलाची कथाही हीच आहे. दुखापतीच्या तीन श्रेणी मानतात: पहिलीत अस्थिबंध ताणला जातो, दुसरीत अंशतः फाटतो आणि तिसरीत पूर्ण तुटतो. रुग्णाने आपली श्रेणी नातेवाइकांना सांगताना ती निदान एकने वाढवून सांगावी, कारण प्रथम श्रेणी हे शब्द महाराष्ट्रात गुणपत्रिकेमुळे गौरवाचे ठरले असून ऐकणारा अभिनंदन करण्याचा धोका असतो.

हाड मोडले आहे की काय, हे ठरवण्यासाठी कॅनडातील ओटावा येथे इयन स्टिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली काही नियम मांडले, ज्यांचा सारांश असा की पाय मुरगळल्यावर लगेच आणि पुन्हा दवाखान्यातही चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या उंचवट्यांची मागची कड वा पावलातील दोन ठरावीक हाडे दाबल्यावर दुखत असतील, तर एक्स-रे काढावा. या नियमात लंगडत टाकलेले पाऊलही पाऊलच धरले जाते. मराठी रुग्ण मात्र चार पावलांवर थांबत नाही; आपल्याला काहीही झालेले नाही हे जमलेल्या गर्दीला पटवण्यासाठी तो चाळीस पावले टाकतो, शक्य असल्यास स्कूटरला किक मारून घरी येतो आणि रात्री साडेअकराला, सर्व दवाखाने बंद झाल्यावर, घोट्याचे वांगे झालेले पाहून कुटुंबाला उठवतो.

एक्स-रेत अस्थिबंध दिसत नाही, आणि रुग्णाच्या पुढील सर्व सामाजिक हालांचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे. 'हाड शाबूत आहे' हे डॉक्टरांचे वाक्य घरच्यांना 'काही झालेले नाही' असे ऐकू येते. मोडलेल्या हाडाला प्लास्टर मिळते, प्लास्टरवर सह्या होतात, ते अमुक तारखेला निघणार हे सर्वांना पाठ असते. अस्थिबंधाच्या वाट्याला विटकरी रंगाचे क्रेप बँडेज येते, जे विजारीखाली गेले की रुग्ण आणि आळशी माणूस यांत फरक उरत नाही. यावर उपाय म्हणून बँडेज विजारीवरून बांधावे, असे काही अनुभवी रुग्ण सुचवतात. लोकलच्या गर्दीत काठीला जागा मिळते, घोट्याला मिळत नाही. त्यामुळे काठीची वैद्यकीय गरज संपल्यावरही तिची प्रवासी गरज काही आठवडे शिल्लक राहते. 'हाड मोडलेलं परवडलं, पण लिगामेंट नको' हे जे वाक्य प्रत्येक भेटीस येणारा उच्चारतो ते अर्धेच खरे आहे: हाड भरून येते ते हाडानेच, तर अस्थिबंध जोडला जातो तो व्रणाच्या ऊतीने, म्हणजे मूळ कापडाशी बेताचेच साम्य असलेल्या ठिगळाने, परंतु घोट्याचे हाड खरोखर मोडलेला मनुष्य हे वाक्य म्हणताना आढळत नाही.

या ठिगळाची शिवण कशी चालते हे समजल्यास रुग्णाचा त्रागा कमी होतो, निदान त्याला शास्त्रीय भाषा मिळते. अस्थिबंधाला रक्तपुरवठा बेताचा असतो आणि दुरुस्तीचे सामान तेथे सावकाश पोहोचते. पहिले काही दिवस सूज आणि दाह यांचे असतात. पुढे सुमारे सहा आठवड्यांपर्यंत कोलॅजेन या प्रथिनाचे नवे तंतू घाईघाईने आणि वाटेल त्या दिशेने घातले जातात. त्यानंतर ते तंतू ताणाच्या दिशेने ओळीत लावण्याचे आणि बळकट करण्याचे काम वर्षभर किंवा त्याहूनही अधिक चालू शकते. शिंपी पक्की शिलाई मारण्यापूर्वी कापड जागेवर राहावे म्हणून धावदोरा घालतो, त्या अवस्थेत रुग्णाचा घोटा दीड महिना असतो. धावदोरा या शब्दात धाव असली तरी त्या काळात धावू नये, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण अनेकांनी तसे केलेले आहे. उलट, तंतूंना दिशा मिळते ती बेताच्या ताणामुळेच, म्हणून दोन उशांवर पाय ठेवून महिनाभर मालिका पाहणे हाही उपचार नव्हे. धावणे आणि लोळणे यांच्या मधली जी अरुंद, कंटाळवाणी पट्टी उरते, तिचे नाव बरे होणे.

प्रथमोपचाराचा इतिहासही रुग्णाला दिलासा देणारा नाही. 1978 साली अमेरिकेतील डॉ. गेब मिर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंचावर ठेवणे या चार उपायांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'राइस' हे सूत्र रूढ केले, ज्याचा भाताशी संबंध नाही. आणि जगभरच्या शीतकपाटांतील बर्फ घोट्यांवर वितळून झाल्यानंतर साडेतीन दशकांनी त्याच मिर्किन यांनी, बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते, असे लिहिले. पुढे ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या 2020 च्या अंकात 'पीस अँड लव्ह' हे नवे सूत्र आले, ज्यात बर्फाला जागा नाही, दाह शमवणाऱ्या गोळ्याही टाळण्यास सांगितले आहे आणि 'लव्ह'मधील दुसऱ्या अक्षराचा अर्थ आशावाद असा आहे. वैद्यकाने आशावाद अधिकृतपणे लिहून दिला असला तरी त्याची मात्रा सांगितलेली नाही. व्यवहारात तो सकाळी घ्यावा, कारण सूज तेव्हा सर्वांत कमी असते. संध्याकाळी, दिवसभर पाय खाली राहिल्याने घोटा पुन्हा फुगलेला असताना घेतल्यास तो पोटात टिकत नाही. त्याच कारणाने सुजेचे माप रोज घेऊ नये, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी घ्यावे. रोज माप घेणारा रुग्ण शेअर बाजारातील नवख्या गुंतवणूकदारासारखा वागू लागतो.

गृहोपचारांत आंबेहळद, तुरटी आणि रक्तचंदन यांचा गरम लेप अग्रपूजेचा मानकरी आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत ऊब आणि चोळणे यांमुळे सूज वाढू शकते, म्हणून लेपाच्या गरमपणाविषयी आणि विशेषतः तो चोळून लावणाऱ्या शेजारणीच्या मनगटाविषयी सावध राहावे. एरवी या लेपाचा एक गुण मान्य करावाच लागतो, तो असा की ओला लेप लावलेला मनुष्य अर्धा-पाऊण तास जागचा हलत नाही, आणि ही शिस्त कोणत्याही डॉक्टरच्या सांगण्याने येत नाही. चादरीवरचा पिवळा डाग हा या उपचाराचा सर्वांत टिकाऊ परिणाम होय. पायाळू व्यक्ती, म्हणजे जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले ती, हिचा पाय लावल्याने कंबरेतली उसण जाते अशी समजूत असून तिचा विस्तार घोट्यापर्यंत करण्याचा आग्रह एखादे काका धरतातच. दुखऱ्या पायाला दुसऱ्याचा पाय लावून घेण्यापूर्वी त्या दुसऱ्या पायाचे वजन विचारून घ्यावे.

भेटीस येणाऱ्यांचे वर्गीकरण येथे विस्ताराने करण्याचे कारण नाही, कारण ते सर्व एकच प्रश्न विचारतात: 'किती दिवस झाले?' या प्रश्नाचे खरे उत्तर कधीही देऊ नये. दहा दिवस म्हटल्यास 'मग लागेल अजून वेळ' आणि दोन महिने म्हटल्यास 'अजून?' असे प्रत्युत्तर येते, आणि या दोन उत्तरांच्या मध्ये सहानुभूतीचा असा एकही दिवस नाही.

घरातील वावरात भारतीय बैठकीचा प्रश्न मात्र खरोखर गंभीर आहे, आणि परदेशी पुस्तिका त्याविषयी मौन पाळतात. मांडी घातली की पाऊल आत वळते आणि नेमका जो अस्थिबंध जोडला जात आहे त्याच्यावर ताण येतो, शिवाय घोट्याचा सुजलेला उंचवटा जमिनीवर दाबला जातो; त्यामुळे पूजा, पंगत आणि सत्यनारायण यांना खुर्चीवरून उपस्थित राहावे आणि वडीलधाऱ्यांच्या नजरा सोसाव्यात. उकिडवे बसण्यासाठी नडगी पावलावर पुढे झुकावी लागते आणि ताठरलेला घोटा नेमके तेच नाकारतो, म्हणून भारतीय पद्धतीचे शौचालय असलेल्या घरी कमोडची खुर्ची आणणे हा संकोचाचा नव्हे तर तातडीचा विषय समजावा. याची दुसरी बाजू अशी की टाचा न उचलता उकिडवे बसता येणे ही घोटा मोकळा झाल्याची एक उत्तम आणि फुकट चाचणी आहे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. नाटक-सिनेमांतील लंगडी पात्रे पुष्कळदा ती दुखऱ्याच बाजूला धरतात, कारण त्यांचे दुखणे मध्यंतरापुरते असते. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा. म्हणजे वर जाताना सज्जनाने पुढाकार घ्यावा आणि खाली जाताना दुर्जनाला पुढे करावे.

व्यायामांत पहिला मान हवेत अक्षरे गिरवण्याचा. पाश्चात्त्य रुग्ण पायाच्या अंगठ्याने 26 इंग्रजी अक्षरे काढून मोकळा होतो, पण देवनागरीची संपन्नता त्याला ठाऊक नाही: ठ काढताना घोटा पूर्ण गोल फिरतो, शिरोरेषेने तो आडवा चालतो, ज्ञ पूर्ण होईपर्यंत पोटरीला घाम फुटतो आणि बाराखडी लावली तर एका व्यंजनामागे बारा आवर्तने पदरात पडतात. लेखणी न उचलता लिहिण्याची मोडी लिपी चौथ्या आठवड्याआधी घेऊ नये. त्यानंतरचा व्यायाम एका पायावर उभे राहण्याचा असून त्याचे कारण महत्त्वाचे आहे. अस्थिबंधात केवळ ताकद नसते, तर पाऊल अवकाशात कोठे आणि कसे आहे याची बातमी मेंदूला देणारे मज्जातंतूही असतात. या जाणिवेला चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 साली प्रोप्रिओसेप्शन हे नाव दिले, मराठीत तिला स्थितिसंवेदन म्हणता येईल. पट्टा फाटला की ही तारही तुटते, आणि जोडलेला घोटा सपाट रस्त्यावरही गाफील राहतो. म्हणून दात घासताना दुखऱ्या पायावर उभे राहावे, ते जमले की डोळे मिटून उभे राहावे, बेसिन हाताशी असावे. महाबलीपुरमच्या प्रचंड शिल्पपटात एका पायावर तप करणारा तपस्वी आहे आणि त्याची नक्कल करणारे एक मांजरही आहे; रुग्णाने पहिले काही आठवडे मांजराचा आदर्श ठेवणे अधिक प्रामाणिक ठरेल. अंतिम ध्येय पंढरपुरी आहे, जेथे विठोबा समचरण, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार टाकून, उभा आहे.

या संपूर्ण प्रवासातील सर्वांत धोक्याचा दिवस दुखण्याचा नसून न दुखण्याचा असतो. दुखणे थांबणे आणि घोटा बरा होणे या दोन वेगवेगळ्या घटना आहेत, त्यांच्यात महिन्यांचे अंतर असू शकते, आणि त्या अंतरात सोसायटीचे क्रिकेट सामने, मित्राच्या मुलीचे लग्न आणि गणपतीची मिरवणूक हटकून येतात. पुन्हा पुन्हा पाय मुरगळण्याची सवय पुष्कळांना जडते ती येथेच, बाराखडी ग-पर्यंत आली असताना सोडून दिल्यामुळे. दुखऱ्या पायावर, चांगल्या पायावर मारता येते तेवढीच लंगडी मारता येईपर्यंत मैदानात उतरू नये. सहा-आठ आठवड्यांनंतरही घोटा अडकत असेल, अचानक दगा देत असेल किंवा आत खोलवर ठणकत असेल, तर विनोद, लेप आणि काका हे तिन्ही बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे, कारण त्यामागे टॅलसच्या कूर्चेची किंवा शेजारच्या कंडरेची राहून गेलेली इजा असू शकते.

आजारपण हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, हे रुग्णाला ऐकवण्यापूर्वी मुंगीला सहा पाय असतात हे भेटीस जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. किती दिवस झाले हे विचारू नये, आपल्या मावसभावाचा घोटा आठ दिवसांत बरा झाल्याचे सांगू नये, आणि निघताना जिन्याचा कठडा धरून उतरावे.